युरोपचा रशियन वायू खरेच बंद झाला का?

प्रश्न : युरोपने रशियाचा नैसर्गिक वायू सोडला, असे २०२२ पासून वाचनात येते. मग त्यानंतरही फ्रान्स, स्पेन आणि बेल्जियम यांची नावे रशियन वायूच्या आयातदारांत कशी दिसत राहिली?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण वायू एकच असला तरी तो येण्याच्या वाटा दोन आहेत. आटला तो मुख्यतः वाहिन्यांमधून येणारा वायू. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या आयातीत रशियाचा वाटा सुमारे ४५ टक्के होता, तो २०२३ मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास आला. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्राखालच्या नॉर्ड स्ट्रीम वाहिन्या स्फोटांत फुटल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमार्गे येणारा पुरवठाही थांबला. त्यानंतर संघाकडे येणारी रशियाची तुर्कस्ट्रीम ही एकच वाहिनी चालू राहिली. हंगेरीची भिस्त तिच्यावरच होती.

जहाजांचे गणित निराळे आहे. उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला वायू द्रवरूप होतो व मूळच्या सुमारे सहाशेव्या भागाइतक्या जागेत मावतो. रशियाच्या यामाल द्वीपकल्पातून असा वायू दीर्घ मुदतीच्या करारांनुसार आपण नावे घेतलेल्या तिन्ही देशांच्या बंदरांत येत राहिला. मात्र आयात नोंदली जाते ती वायू जिथे उतरतो त्या देशाच्या नावावर, आणि बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरात उतरलेला वायू पुढे वाहिनीने जर्मनीतही जाऊ शकतो. त्यामुळे देशवार तक्ता पाहून कोणाला दोषी ठरवण्याची घाई करू नये, असे मला वाटते; तो तक्ता दारे मोजतो, चुली नव्हे.

दारे कोणाकडे किती, हा ज्याच्या त्याच्या भूगोलाचा आणि पूर्वीच्या निर्णयांचा भाग आहे. पिरेनीज पर्वतापलीकडच्या स्पेनला उर्वरित युरोपशी जोडणाऱ्या वाहिन्या मोजक्याच, म्हणून त्याने द्रवरूप वायू उतरवण्याची अनेक केंद्रे आधीच उभारली होती, शिवाय अल्जीरियाची वाहिनी हाताशी होती. लिथुआनियाने क्लायपेडा बंदरात तरंगते केंद्र २०१४ मध्येच आणले आणि एप्रिल २०२२ मध्ये रशियन वायूची आयात थांबवली. जर्मनीकडे मात्र डिसेंबर २०२२ पर्यंत स्वतःचे असे एकही केंद्र नव्हते. विल्हेल्म्सहाफेनचे पहिले तरंगते केंद्र सुरू होईपर्यंत तिला नॉर्वेच्या वाहिन्यांवर आणि शेजाऱ्यांच्या बंदरांवर विसंबावे लागले.