वाचकांचे प्रश्न : हंसाबेनची जागा आणि फॉर्म २६

प्रश्न : हंसाबेन मेहता बडोद्याच्या आमदार होत्या असं आमच्या महिला मंडळात एका वक्त्या म्हणाल्या. आम्ही तर त्यांना युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू म्हणूनच ओळखतो. खरं काय? (वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : आमदारकी खरी, ‘बडोद्याच्या’ तेवढं गाळा. १९३७ साली त्या मुंबई प्रांताच्या विधान परिषदेवर निवडून गेल्या. बडोदा तेव्हा गायकवाडी संस्थान होतं आणि त्याची धारासभा, म्हणजे विधिमंडळ, वेगळी होती. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मे १९४९ ला. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं आणि हंसाबेन त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या.

गावाशी नातं मात्र जुनं. वडील मनुभाई मेहता संस्थानचे दिवाण होते आणि त्या स्वतः १९१८ च्या बडोदा कॉलेजच्या पदवीधर. १९३७ ला स्त्रियांसाठी राखीव जागा असूनही त्यांनी ती नाकारली, सर्वसाधारण जागेवरून लढल्या आणि जिंकल्या. पुढे मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात शिक्षणखात्याच्या संसदीय सचिव झाल्या. संविधान सभेत त्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर होत्या. समान नागरी कायदा न्यायालयातून बजावता न येणाऱ्या नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांत ढकलू नये, असं मतभेदाचं टिपण मिनू मसानी, राजकुमारी अमृत कौर आणि हंसाबेन यांनी दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाची शब्दयोजना बदलून ‘सर्व माणसे’ झाली ती त्यांच्या आग्रहामुळे. ही हकीकत सगळे सांगतात, पण आमच्या मते राखीव जागा नाकारणं त्याहून अवघड होतं.

प्रश्न : आता तर लोकसभा-विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळणार आहेत. माझी सून विधानसभेला उभी राहू इच्छिते. तिने थांबावं का? (वाचक, मांजलपूर)

उत्तर : आरक्षणाच्या भरवशावर थांबू नये. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत अट अशी घातली की दुरुस्ती अमलात आल्यानंतरची पहिली जनगणना व्हावी, तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि मगच आरक्षण लागावं. शिवाय पुढच्या प्रत्येक फेररचनेनंतर राखीव जागा फिरणार, म्हणजे ज्या मतदारसंघात पाच वर्षं राबलात तोच राखीव होईल असं नाही. सर्वसाधारण जागेवरून स्त्रिया आजही जिंकतात : बडोद्यातल्या अकोटा मतदारसंघातून २०१७ ला सीमाबेन मोहिले निवडून आल्या. वडोदरा शहर ही अनुसूचित जातीसाठी राखीव जागा. तिथे स्त्रीआरक्षण नसताना मनीषाबेन वकील २०१२, २०१७ आणि २०२२ असं तीनदा निवडून आल्या.

प्रश्न : बहीण विधानसभेला अपक्ष उभी राहते आहे. फॉर्म कुठे अडकतो? (वाचक, वारसिया)

उत्तर : आधी मतदारयादी बघा. वय पंचवीस पूर्ण हवं आणि नाव गुजरातमधल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत हवं. लग्न होऊन पुण्याला गेलेली आणि नाव तिकडे हलवलेली मुलगी माहेरी परत आली तरी इथे उभी राहू शकत नाही. आधी फॉर्म ८ भरून नाव इकडे आणावं लागतं, आणि ते निवडणूक जाहीर होण्याच्या खूप आधी. नाव शहरातल्याच दुसऱ्या मतदारसंघात असेल तर चालतं, फक्त यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. शहरातले मतदारसंघ एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे मैत्रीण दोन गल्ल्या पलीकडे राहत असली तरी तिचं मत दुसरीकडे असू शकतं. एक सूचक बाद झाला की अर्जाचा तो संच बाद. एका मतदारसंघात चार संच देता येतात आणि डिपॉझिट एकदाच भरायचं असतं, म्हणून दोन तरी संच वेगवेगळ्या सूचकांच्या सह्यांनी द्या.

खरी गफलत होते फॉर्म २६ मध्ये, म्हणजे प्रतिज्ञापत्रात. रकाना कोरा सोडू नका. ‘नाही’, ‘शून्य’ किंवा ‘लागू नाही’ असं काहीतरी लिहाच. कोरे रकाने दाखवून दिल्यावरही भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. नवऱ्याचे आणि अवलंबून असलेल्यांचे पॅन, ठेवी, कर्जं द्यावी लागतात. अंगावरचं सोनंही वजन आणि किंमत लावून मांडायचं. ‘ते सासूबाईंचं आहे’ म्हणून वगळलेलं मंगळसूत्र लग्नाच्या फोटोत दिसतंच. पॅनवर माहेरचं आणि यादीत सासरचं नाव असेल तर आधीच एक करून घ्या. किरकोळ तांत्रिक चूक कायद्याने माफ असली, तरी छाननीच्या टेबलावर वाद कशाला?

अर्ज दिला की निवडणूक अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यायची, उशिरात उशिरा छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. घाईत फॉर्म देऊन निघून जाणारे नेमके इथे घसरतात.

पैशाचं असं : डिपॉझिट दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच. स्त्री म्हणून सूट नाही. पडलेल्या उमेदवाराला ते परत मिळायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. एक लाख ऐंशी हजार वैध मतं पडली तर तीस हजार नव्हे, तीस हजार एक हवीत. खर्चाची मर्यादा चाळीस लाख. त्यासाठी बँकेत वेगळं खातं, तेही अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडलेलं. मंडपवाला असो की रिक्षावाला, एकाला सगळ्या निवडणुकीत मिळून दहा हजारांवर रोख देऊ नका. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा, पडलात तरीही. योग्य कारणाशिवाय चुकवलात तर निवडणूक आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो.

प्रश्न : तीन मुलं असतील तर? (वाचक, रावपुरा)

उत्तर : ही अट विधानसभेला नाही. गुजरातेत महापालिका आणि पंचायतीला दोनच मुलांची अट आहे. त्यामुळे जिला नगरसेविका होता येत नाही, तिला आमदार होता येतं!