रॅपिडसाठी शॉट टायमर घेताय? आधी दिव्याचं बघा

"प्रिसिजनला 285 पडतात, रॅपिड 265 च्या पुढे सरकत नाही, सिरीजचा पहिलाच शॉट उशिरा सुटतो. शॉट टायमर घेऊ का?" तुमचा हा प्रश्न वाचला आणि माझी जुनी स्कोअरची वही काढून बसले. 25 मीटर पिस्तूलच्या माझ्या तिसऱ्या वर्षात पानोपान हेच आहे. (नव्यांसाठी: या प्रकारात आधी सावकाश नेम धरून मारायचा प्रिसिजन, मग दिव्याच्या वेळेत मारायचा रॅपिड. रॅपिडची एक सिरीज म्हणजे पाच शॉट.) म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टान्स, ग्रिप, ट्रिगर हे तुमचे कोच बघतीलच, त्यात मी पडत नाही.

टायमर जरूर घ्या. फक्त तो कुठल्या खेळासाठी बनलाय हे डोक्यात ठेवून घ्या. अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये 'स्टँडबाय' झालं की थोड्या वेळाने, नेमकं कधी ते न कळता, बीप वाजतो. मग होल्स्टरमधून पिस्तूल काढून एकामागून एक शॉट मारायचे, आणि यंत्राचा माइक प्रत्येक शॉटची वेळ टिपतो. त्यातला रँडम डिले आणि दोन शॉटमधलं अंतर दाखवायची सोय त्या खेळासाठी आहे. आपल्याकडे एका फेरीला 3 सेकंद आणि त्यात एकच शॉट. आपल्याला लागतो तो एकच आकडा, सिग्नलपासून शॉट सुटेपर्यंतचा. आणि आपला सिग्नल म्हणजे दिवा. अटेन्शन, लाल दिवा, 7 सेकंद, मग हिरवा. बीप कुठेच नाही.

हे लिहिताना इतकं साधं वाटतंय, पण माझं अख्खं वर्ष यात गेलं.

टायमर मी बाहेरून मागवला होता. पार्सलवर 'शॉट' शब्द दिसला म्हणून एका सरकारी कचेरीने ते अडवलं. शस्त्राचा भाग असेल तर परवाना दाखवा म्हणे. हे आवाजावर चालणारं घड्याळ आहे, हे सांगायला मी माहितीपत्रक नेलं, क्लबचं पत्र नेलं, कोल्हापूरहून मुंबईला तीन खेपा घातल्या. अकरा आठवडे खोकं टेबलामागच्या कपाटात पडून होतं आणि कुणी उघडूनही बघितलं नाही. एका वाक्यात सुटणारी गोष्ट होती हो! अजूनही आठवलं की संताप होतो. शक्य असेल तर भारतात आधीच आलेला टायमर विकत घ्या, वापरलेला असला तरी चालेल.

एवढ्या खटपटीने हातात आलेली वस्तू म्हटल्यावर मी ती सोडतच नव्हते. रोज संध्याकाळी दीड तास ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे काडतुसाशिवायचा सराव, सगळी बीपवर. सहा महिन्यांत पहिला शॉट 2.4 सेकंदांवर आला, तोही सलग. वहीत आकडे असे सुंदर दिसत होते की कोचनाही काही खटकलं नाही. मग राज्य स्पर्धा आली. पहिल्या सिरीजला लाल दिवा लागला, मी हात 45 अंशांखाली धरून उभी, हिरवा लागला, मला तो दिसला, आणि हात उठलाच नाही. शरीर बीपची वाट बघत होतं. भानावर येऊन हात उचलला तोवर वेळ गेली होती, शॉट शून्य. पुढच्या सिरीजला पुन्हा तेच. दोन शॉट म्हणजे वीस गुण. रॅपिड 251. त्या दिवशी बालेवाडीहून कोल्हापूरपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

नेमकं काय होतंय ते कळलं फोनच्या स्लो मोशनमुळे. भावाने सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ काढला, दिवा आणि हात दोन्ही दिसतील असा. आम्ही एकेक फ्रेम मोजली. हिरवा लागल्यापासून हात हलेपर्यंत 120 च्या आसपास फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. बीपवर तेच 60 च्याही आत. 3 सेकंदांतला पाव सेकंद नुसता सुरू होण्यात जात होता. तो भरून काढायला मी शेवटी ट्रिगर ओढायचे, आणि शॉट खाली डावीकडे जायचा. तुमचे गुण पहिल्या शॉटवर जातात आणि पुढचे चार बरे पडतात, त्याचं कारणही मला हेच वाटतं. एकदा 7 आणि 3 ची लय लागली की शरीर त्या लयीवर चालतं.

मग मी लाल-हिरव्या एलईडीचं छोटं सर्किट करून घेतलं आणि ते भिंतीवरच्या छोट्या टार्गेटच्या शेजारी लावलं. वेळ तीच, 7 आणि 3. नजर टार्गेटवर, हिरवा डोळ्याच्या कडेने येऊ द्यायचा. मनात सात मोजू नका. मोजणारा माणूस हिरव्याच्या आधीच हात उचलतो आणि पंचांचा इशारा खातो. टायमर आता फक्त मोजमापाला, आठवड्यातून एकदा. तोही बीप बंद करून दिव्यावर सुरू करता येतो का, हे घेतानाच बघा. रोज आकडा बघायची सवय लागली की आकड्यासाठी शॉट मारला जातो, हे माझं ठाम मत आहे. काही कोचना पटणार नाही, आणि तुमचे कोच वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका, ते तुम्हाला समोर बघतात.

रेंजवर टायमरच्या भरवशावर राहू नका. शेजारच्या लेनचा शॉटही त्यात नोंदला जातो, छताखाली प्रतिध्वनीसुद्धा. घरी उलटा त्रास. ड्रायची टिकटिक ऐकू यावी म्हणून संवेदनशीलता वाढवली की कुकरच्या शिट्टीलाही तो शॉट धरतो.

ड्रायबद्दल दोन गोष्टी सांगतेच. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. चेंबर दोनदा बघायचा, एकदा डोळ्याने, एकदा बोटाने. आणि .22 रिमफायर रिकामं असंच चालवू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. पिस्तुलात ड्रायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस. पिस्तूल घरी ठेवता येतं की नाही हे तुमच्या परवान्यावर आणि क्लबच्या नियमांवर आहे, ते आधी विचारून घ्या.

आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण घेतलं ते 34-34 बरोबरीनंतर शूटऑफमध्ये. तो व्हिडिओ मिळाला तर आवाज बंद करून बघा, आणि तिचा हात कधी उठतो तेवढंच बघा.

सर्किट कुणाकडून करून घ्यायचं ते कळत नसेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर लाल-हिरव्या स्लाइड 7 आणि 3 सेकंदांच्या लावा. मीही पहिला महिना तेच केलं होतं. तोवर एक व्हिडिओ काढून फ्रेम मोजा आणि आकडा इथे लिहा, मी बघते.