वाचकांचे प्रश्न : प्रार्थनापुस्तकाची पाने मागे राहिली तर?

प्रश्न : मी अहिल्यानगर येथील निवृत्त शिक्षिका असून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची सभासद आहे. अमेरिकेतील मुलाने मला ‘ट्रेझरी ऑफ डेली प्रेअर’ हे ल्यूथरन प्रार्थनापुस्तक पाठवले. त्यात प्रत्येक दिवसासाठी स्तोत्र, जुन्या व नव्या करारातील पाठ, जुन्या ख्रिस्ती लेखकाचा उतारा, गीताचे कडवे आणि प्रार्थना दिलेली आहे. काही आठवडे सर्व नेमाने वाचले. मग घरात आजारपण झाले आणि अकरा दिवस मागे राहिले. आता पुस्तक हाती घेतले की ती राहिलेली पानेच आधी आठवतात. दुसरे असे की, माझे वडील डोळे मिटून आपल्याच शब्दांत प्रार्थना करीत. छापलेली प्रार्थना वाचणे ही खरी प्रार्थना होते काय? शिवाय सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या सकाळच्या प्रार्थनेत क्रुसाची खूण करण्यास सांगितले आहे, ती आम्हाला सवयीची नाही.

उत्तर : राहिलेली अकरा पाने तशीच राहू द्यावीत आणि आजचे पान उघडावे. हे पुस्तक म्हणजे परीक्षेचा अभ्यासक्रम नव्हे. सेंट लुईस येथील काँकॉर्डिया प्रकाशनगृहाने 2008 मध्ये ते काढले, तेव्हा चर्चच्या वर्षाबरोबर चालणारी रोजची शिदोरी घराघरांत आणि एकेकट्या भक्ताच्या हाती असावी, एवढाच हेतू होता. वर्षाचा बराचसा भाग तारखांप्रमाणे आणि राखेच्या बुधवारापासूनचा (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासूनचा) काळ, ईस्टरची तारीख दरवर्षी बदलत असल्यामुळे, आठवड्यांच्या वारांप्रमाणे लावलेला आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पान शोधताना गोंधळ होणार नाही. ज्या दिवशी वेळ थोडा असेल, त्या दिवशी स्तोत्र, एक पाठ आणि दिवसाची प्रार्थना पुरे. जुन्या लेखकांचे उतारे मोलाचे आहेत खरे, पण सकाळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना ते वाचण्यात फारसे हशील नाही. त्यांच्यासाठी रविवारची दुपार बरी.

आपला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो खुद्द ल्यूथरलाही विचारला गेला होता. विटेनबर्गमधील पेटर नावाच्या त्याच्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा ल्यूथरने 1535 मध्ये त्याच्यासाठी पत्रवजा छोटी पुस्तिकाच लिहिली. तीत तो प्रथम स्वतःचीच कबुली देतो : कामांमुळे मन थंड आणि निरुत्साही झाले की, आपण स्तोत्रसंहिता (बायबलमधील स्तोत्रांचे पुस्तक) घेऊन खोलीत किंवा चर्चमध्ये जातो आणि दहा आज्ञा, मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचे ठरलेले कथन) व स्तोत्रे लहान मुलांप्रमाणे शब्दशः म्हणू लागतो. म्हणजे ज्याचे मन आधीच पेटलेले आहे त्याच्यासाठी नव्हे, तर ज्याचे विझत आले आहे त्याच्यासाठी हे ठरलेले शब्द आहेत. त्याने उपमाही चकमकीची दिली आहे. एखादी आज्ञा, स्तोत्र किंवा अध्याय चकमकीसारखा घासावा आणि अंतःकरणात ठिणगी पाडावी. ती पडली, पवित्र आत्मा आपल्या मनात बोलू लागला, की पुढचे पाठ म्हणण्याचा हट्ट सोडून स्वस्थ ऐकावे, असा त्याचा स्पष्ट सल्ला आहे. आपल्या वडिलांची प्रार्थना आणि हे पुस्तक यांत विरोध नाही, तो यामुळेच. छापील प्रार्थना वाचता वाचता पुस्तक मिटून आपल्या शब्दांवर येणे, हाच त्या पुस्तकाचा योग्य उपयोग होय.

वाचता वाचता मन भलतीकडे जाण्याचा धोका मात्र आहेच. ल्यूथरने पेटरला त्याच्याच धंद्यातील दाखला दिला : चांगल्या न्हाव्याची नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर असते; तो गप्पांत रंगला तर गिऱ्हाइकाचे नाक, तोंड, प्रसंगी गळासुद्धा कापला जाईल. असे लक्ष न देता घाईघाईने म्हटल्या जाणाऱ्या, येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेला तर त्याने पृथ्वीवरील सर्वांत मोठी हुतात्मा म्हटले आहे, कारण जो तो तिचे हाल करतो. त्यावर त्याने सांगितलेला उपाय मला फार उपयोगी पडला आहे. घेतलेले वचन चार पदरांनी गुंफावे : यातून मला काय शिकायचे आहे, कशाबद्दल आभार मानायचे आहेत, कोणते पाप कबूल करायचे आहे आणि काय मागायचे आहे. उदाहरणार्थ, प्रभूच्या प्रार्थनेतील ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ एवढे एकच वाक्य घेऊन या चार प्रश्नांपाशी थांबून पाहावे. दहा मिनिटे कशी गेली ते कळत नाही, आणि पाने किती राहिली याचा हिशेबही मनात उरत नाही.

क्रुसाची खूण ही केवळ रोमन कॅथोलिकांची, अशी आपल्याकडील प्रॉटेस्टंट घरांत समजूत आहे. परंतु 1529 च्या ‘लहान प्रश्नोत्तरावली’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत ल्यूथरने सकाळी उठल्यावर ती खूण करून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घेण्यास सांगितले आहे; त्यानंतर गुडघे टेकून किंवा उभे राहून मतांगीकार व प्रभूची प्रार्थना म्हणावयाची. रात्रभर सांभाळल्याबद्दल आभार मानणारी त्याची प्रसिद्ध प्रार्थना पुढे येते, आणि तीही ‘वाटल्यास’ म्हणावी असे शब्द तेथे आहेत. खूण आपल्याला जड वाटत असेल तर ती वगळल्याने काही बिघडत नाही. केली तर बाप्तिस्म्याची आठवण म्हणून करावी.

शास्त्रपाठ इंग्रजीतून न वाचता आपल्या मराठी पवित्र शास्त्रातून वाचावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. दुःखात आणि आजारपणात जी वचने आठवतात ती बालपणी ऐकलेल्या भाषेतीलच असतात. गीताच्या कडव्याच्या जागी ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील कवी ना. वा. टिळकांचे एखादे गीत म्हटले तरी ल्यूथरची हरकत नसावी, कारण सकाळच्या प्रार्थनेनंतर दहा आज्ञांचे गीत किंवा भक्तीला सुचेल ते गाऊन आनंदाने कामाला लागावे, असेच त्याने लिहिले आहे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर काय करावे, हेही तेथे सांगितलेले आहे : लगेच आणि प्रसन्न मनाने झोपी जावे. राहिलेले पाठ आधी पुरे करावेत, असे तेथे लिहिलेले नाही.