लुआंग प्रबांग ते हनोई रात्रीची बस: आधी नाका ठरवा, मग तिकीट

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. लाओसमधल्या लुआंग प्रबांगहून रात्रीच्या बसने व्हिएतनाममधल्या हनोईला जायचंय, व्हिएतनामचा ई-व्हिसा सीमेवरच्या काउ त्रेओ नाक्याचा काढून झालाय, आणि तिकीटवाला म्हणतोय की नाका कुठलाही असला तरी चालतो. नाही चालत. निदान आमचं तरी चाललं नाही. मी आणि माझी मावसबहीण नेमक्या याच रस्त्यावर अडकलो होतो.

पासपोर्टची मुदत, विमा, फोटोच्या प्रती हे सगळं तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही.

मुद्दा एकच आहे. ई-व्हिसाच्या कागदावर तुम्ही देशात कुठून शिरणार त्या ठिकाणाचं नाव छापलेलं असतं. लाओसकडून व्हिएतनाममध्ये जायला ताय त्रांग, ना मेओ, नाम कान, काउ त्रेओ, लाओ बाओ असे बरेच नाके आहेत आणि ई-व्हिसाच्या यादीत हे सगळे आहेत. पण तुमच्या कागदावर त्यातलं एकच नाव असतं. लाओसची राजधानी व्हिएन्टिएनहून हनोईला जाणाऱ्या गाड्या सहसा 8 नंबरच्या रस्त्याने काउ त्रेओला जातात. लुआंग प्रबांगहून सुटणारी गाडी मात्र बहुतेक वेळा 13 नंबरच्या रस्त्याने फू खुनपर्यंत येते आणि तिथून 7 नंबरचा रस्ता धरून फोनसावान, नोंग हेत करत नाम कानला पोचते. नकाशात दोन्ही नाके जवळजवळ दिसतात, पण मध्ये डोंगर आहेत. एकावरून दुसऱ्यावर जायचं तर लाओसमध्ये उलटं फिरून मोठा वळसा घालावा लागतो.

आम्ही व्हिसाचा अर्ज भरण्याआधी तिकीट विकणाऱ्या कार्यालयाला मेसेज करून विचारलं होतं की गाडी कुठल्या नाक्यावरून जाते. उत्तर आलं, काउ त्रेओ. तिकीट घेताना समोर बसून पुन्हा विचारलं, तरी काउ त्रेओच. हातात काय मिळालं, तर कार्बन कागदावर उमटलेली फिकट निळी पावती. त्यावर ‘हनोई’, निघायची वेळ, दोन माणसं आणि रक्कम. बसकंपनीचं नाव नाही, गाडीचा नंबर नाही, नाक्याचं नाव तर नाहीच. नंतर कळलं की ते कार्यालय नुसतं कमिशनवर तिकिटं पुढे सरकवतं, गाडी दुसऱ्याच कोणाची असते.

पहाटे अंधारात गाडी थांबली, ती नाम कानला. नाका सकाळी उघडतो, तोवर सगळे बसमध्येच. उजाडल्यावर लाओसच्या बाजूने बाहेर पडल्याचा शिक्का बसला, मधला पट्टा चालत ओलांडला, आणि व्हिएतनामच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने आमच्या कागदावरच्या नावावर बोट ठेवून मान हलवली. बोलण्यात जराही उर्मटपणा नव्हता. त्याच्यापुढे नियम होता आणि कागद त्याच्याशी जुळत नव्हता. त्याला मी आजही दोष देत नाही. क्लीनरने आमच्या सॅक काढून रस्त्याकडेला ठेवल्या आणि बस निघून गेली.

आता यातला खरा धोका बघा. लाओसचा आपला व्हिसा साधारण एकाच प्रवेशाचा असतो आणि बाहेर पडल्याचा शिक्का तर बसलेला. म्हणजे पुढे जाता येईना आणि मागे जायला व्हिसा नाही. लाओसच्या अधिकाऱ्याने समजून घेऊन तो शिक्का रद्द केला, म्हणून निभावलं. तुमच्या बाबतीत तसं होईलच असं धरून चालू नका. परत जाताना नव्याने व्हिसा घ्यायला लागला तर जवळ असावेत म्हणून कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा आणि दोन फोटो वेगळे ठेवा.

फोनसावानला परत आल्यावर त्या कार्यालयाला फोन केला. उत्तर काय, तर “बस आमची नाही, ड्रायव्हरशी बोला.” पैसे परत नाहीत, साधी दिलगिरीही नाही. मंजूर झालेल्या ई-व्हिसात नाक्याचं नाव बदलून मिळेना, त्यामुळे नवा अर्ज, पुन्हा 25 डॉलर, आणि मध्ये शनिवार-रविवार आल्याने नुसती वाट बघणं. ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा आणि अनेक प्रवेशांचाही मिळतो (त्याचे 50 डॉलर), पण नाक्याचं नाव तरीही लिहावंच लागतं. पैशाचं दुःख कमी होतं. दोनदा सरळ प्रश्न विचारूनही ज्यांनी बिनधास्त खोटं ठोकलं, त्यांना परदेशातल्या डोंगरात दोन बायका अडकल्याचं काहीच वाटलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: आधी नाका ठरवा, मग गाडी, आणि व्हिसाचा अर्ज सगळ्यात शेवटी. पावतीवर नाक्याचं नाव आणि बसकंपनीचं नाव लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ केली तर तिथून उठा. जमलं तर आदल्या दिवशी बसस्थानकावर जाऊन ड्रायव्हरला किंवा क्लीनरला नाव दाखवून विचारा. हॉटेलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, तोही बऱ्याचदा कमिशनवरच असतो. विमानतळावर वेगळं नाव असूनही सोडल्याचे किस्से तुम्हाला ऐकायला मिळतील, पण ते जमिनीवरच्या नाक्याला लावू नका. (नियम बदलतात. मी सांगतेय तो माझा अनुभव, अर्ज करताना सरकारी संकेतस्थळ स्वतः बघाच.)

तुमच्या हातात काउ त्रेओचा व्हिसा आहेच, तर मी लुआंग प्रबांगहून बस घेणारच नाही. चीनच्या सीमेपासून येणारी रेल्वे 2021 च्या डिसेंबरात सुरू झाली, तिने साधारण दोन तासांत व्हिएन्टिएनला पोचता येतं. तिथून हनोईची गाडी घ्या, नाक्याचं नाव तिथेही लिहूनच घ्या. नाम कानचा व्हिसा नव्याने काढणार असाल तर फोनसावानला मुक्काम करा आणि व्हिएतनाममधल्या विन्ह शहराला जाणारी दिवसाची बस बघा, ती रोज नसते. विन्हहून हनोईला रेल्वे आहे, सव्वातीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. नाहीतरी फोनसावानचं दगडी रांजणांचं पठार रात्री झोपेत ओलांडून जाण्यासारखं नाहीच, 2019 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि हे कळकळीने सांगते. रात्री बस रस्त्यात थांबते, सगळे आडोशाला पांगतात. फोनसावानच्या आसपासच्या शियेंग खुआंग भागात रस्ता सोडून झाडीत जाऊ नका. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधले कितीतरी गोळे न फुटता जमिनीत राहिले आणि अजूनही माणसं त्यात जखमी होतात. बायकांसाठी ही अडचण मोठी आहे, मला माहीत आहे. आम्ही एकमेकींना ओढणीचा आडोसा धरून डांबराच्या कडेलाच बसायचो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी किरकोळ: झोपायच्या बसमध्ये चढतानाच बूट काढून पिशवीत घालायला लावतात, मोजे जाड ठेवा. उंचावर डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी असते, स्वेटर खालच्या डिकीत टाकू नका. सॅकमधली कागदपत्रं, औषधं आणि चार्जर जवळच्या पिशवीत. लाओसचे किप सीमेपलीकडे कोणी घेत नाही, आधीच संपवा किंवा बदलून घ्या. शाकाहारी असाल तर भाजके पोहे, चिक्की, खाकरे असं काहीतरी पुरेसं न्या, थांब्यावर भात मिळतो पण बाकी बहुतेक पदार्थांत माशापासून बनवलेला सॉस असतो.

तिकीट घेण्याआधी पावतीवर काय लिहून देतात ते कळवा. नाव ओळखीचं नसलं तर नकाशावर शोधायला मदत करेन.