तैलचित्रांच्या संवर्धनासाठी ठेव मोडावी का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं, सर. ६७ वर्षांचे निवृत्त कलाशिक्षक, पेन्शन महिना ३८ हजार, ठेवी १८ लाख, दोघांचा मिळून ३ लाखांचा आरोग्य विमा. एका संग्रहालयाने जुन्या तैलचित्रांच्या संवर्धनासाठी देणग्या मागितल्या आहेत आणि पुढच्या महिन्यात मुदत संपणारी ५ लाखांची ठेव तुम्हाला तिकडे द्यायची आहे. काकूंचे गुडघे यंदा बदलायचे आहेत.

द्या, पण ५ नको. दीड लाख द्या. दोन्ही गुडघे खासगी रुग्णालयात करायचे म्हटलं तर ३ लाखांचा विमा अपुरा पडू शकतो. उरलेले साडेतीन लाख त्यासाठी हाताशी राहू द्या. ऑपरेशन झाल्यावर शिल्लक राहिली, तर पुढच्या वर्षी पुन्हा देता येईल.

देणगीवर मिळणाऱ्या ८०जीच्या करसवलतीचा विचार मनातून काढून टाका. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि जुनीत गेलात तरी तुमच्या उत्पन्नावर वजावटी जाऊन कर शून्यच येतो. कर वाचेल म्हणून आकडा वाढवण्यात अर्थ नाही.

आता संवर्धनाचं काम कसं चालतं ते. पिवळं पडलेलं व्हार्निश काडीला गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, द्रावकात भिजवून, बोटभर जागेत आधी तपासून मगच काढतात. सुटू लागलेल्या रंगाच्या पापुद्र्यांवर पातळ कागद चिकटवून ते आधी स्थिर करतात. अशा कामात घाई महागात पडते. अजिंठ्यात १९२०च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी भित्तिचित्रांना चपड्याचा, म्हणजे लाखेच्या व्हार्निशचा, लेप दिला. तो पुढे पिवळा पडला आणि काढायला पुरातत्त्व खात्याला अनेक वर्षं खपावं लागलं. हेतू चांगलाच होता.

म्हणून पैसे एकदम देऊ नका. आधी चित्राची स्थिती सांगणारा लेखी अहवाल आणि खर्चाचा अंदाज मागा, काम कोण करणार तेही विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयासारखं स्वतःचं संवर्धन केंद्र सगळीकडे नसतं. अहवाल पाहून ७५ हजार, बाकीचे पैसे काम अर्ध्यावर आल्याचे फोटो मिळाल्यावर.

दर्शनी दालनातल्या मोठ्या चित्राला प्रायोजक मिळतो. कंपन्यांना सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, असा खर्च करता येतो. तुमचे पैसे कोठारातल्या, पावसाळ्यात मागून बुरशी धरणाऱ्या चित्रांसाठी आणि तिथली दमट हवा आटोक्यात ठेवण्यासाठी वापरावेत, असं देणगीपत्रात स्पष्ट लिहून द्या. चेकनेच द्या, आणि त्याआधी काकूंशी बोला.