शी-गटाराच्या पुस्तकांचं वेड

"मॅडम, घरात एवढी पुस्तकं आहेत, पण याला हवीत ती शी आणि गटाराचीच. पाहुण्यांसमोरही तोच विषय. विकृती तर नाही ना ही?" मी मुलांची समुपदेशक, त्यामुळे ही काळजी घेऊन आईवडील माझ्याकडे येतच असतात. बहुतेकांना मी पहिल्याच भेटीत निर्धास्त करून पाठवते. त्या वयात या विषयाचं हसू आणि कुतूहल असतंच. ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो हे ऐकून ज्या मोठ्या माणसाला हसू येत नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटते!

या आईने मात्र उठता उठता एक वाक्य टाकलं. "शाळेत शीला जातच नाही. घरी येईपर्यंत दाबून धरतो. चड्डीला डाग, निव्वळ आळस." मी त्यांना पुन्हा बसवलं.

आळसाचा इथे संबंध नव्हता. शी दाबून धरली की आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती कडक होते, बाहेर पडताना दुखतं. दुखलं की मूल आणखी दाबतं. साठून साठून ती जागा ताणली गेली की शी लागल्याचं नीट कळेनासं होतं आणि कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. मुलाला पत्ताही नसतो. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ, मग मी. हा क्रम मी मोडत नाही.

नंतर मुलाला त्याचं लाडकं पुस्तक घेऊन बोलावलं. त्यात इमारत उभी कापून दाखवलेली होती. त्याचं बोट कमोडपासून निघालं, पाइपातून रस्त्याखालच्या गटारात उतरलं आणि उलटं फिरून वर आलं.

"वर कोण येतं रे?"

"खाली राहतो तो. शाळेतल्या कमोडमधून बघतो."

मी हसले नाही, 'असं काही नसतं' असंही म्हटलं नाही. कमोडच्या वळणावर बोट ठेवलं. "इथे पाणी का थांबलंय?" त्याला माहीत नव्हतं. गटारातला वास वर येऊ नये म्हणून ते तिथे साठतं. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं होतं, हेही सांगितलं.

"वाससुद्धा येत नाही?"

"वाससुद्धा नाही."

बराच वेळ पानाकडे बघून तो म्हणाला, "मग तो कसा येईल?"

हे उत्तर मी दिलं असतं तर टिकलं नसतं. इतके दिवस तो त्या पुस्तकांत आपल्या भीतीचाच अभ्यास करत होता, आणि घरी पुस्तकं माळ्यावर टाकायचा बेत चालला होता. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचं म्हणणं मी मानते: शरीरावर ताबा मिळवण्याच्या वयात मुलाला एक तर 'माझं मला जमतं' हे कळतं, नाहीतर लाज चिकटते. आपण नाक मुरडतो तिथून ती लाज येते.

तेव्हा पुस्तकं काढून घेऊ नका, सोबत बसून वाचा. जेवताना हा विषय नको, एवढा नियम पुरे. जेवणानंतर थोडा वेळ कमोडवर बसवा, पाय लटकू देऊ नका, खाली स्टूल द्या. शाबासकी बसण्याची, शी झाल्याची नाही. डागांवरून रागावणं बंद. वर्गातून विचारल्याविना उठायची मुभा शिक्षकांकडून मागून घ्या. रक्त दिसलं किंवा पोट फुगलं तर तडक डॉक्टरांकडे.

हा मुलगा आता शाळेत शीला जातो, फक्त फ्लश दाबला की बाहेर धूम ठोकतो. आईला तेही थांबवायचं होतं. म्हटलं, पळू द्या, हात धुतले की झालं.