दशमांश चुकला म्हणून इंजिन बसलं?

वेंगुर्ल्याकडची ही बाई माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ख्रिस्ती कुटुंब, नवऱ्याची छोटी होडी. बोलता बोलता तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली. तारीख, म्हावरं विकून आलेले पैसे आणि शेजारी लाल पेनाने दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा. तोही डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा वजा करण्याआधीचा. मे महिन्यात तो द्यायला जमलं नाही आणि त्याच आठवड्यात इंजिन बसलं. चर्चच्या मंडळीतले एक 'वडील', म्हणजे तिथले जबाबदार ज्येष्ठ, म्हणाले, "देवाचं ठेवून घेतलंत, मग काय होणार!" तेव्हापासून जून-जुलैच्या मासेमारी बंदीतही बचत गटाचं कर्ज काढून ती दशमांशाचं पाकीट भरत होती. सासूच्या बीपीच्या गोळ्या मात्र एक दिवसाआड.

दशमांश सक्तीचा आहे का, हे मला बरेच जण विचारतात, आणि बहुतेक घाबरलेले असतात. मी पाळक (पास्टर) नाही. तिचंच बायबल तिला उघडायला लावलं. मंडळीतल्या त्या वडिलांचा आधार मलाखी 3:10 होता: सगळा दशमांश देवाच्या भांडारात आणा. पण तो मोशेच्या नियमशास्त्रातला दशमांश इस्राएलासाठी, शेतमाल नि गुराढोरांचा. उपासनेची सेवा करणाऱ्या, स्वतःचं वतन नसलेल्या लेवी वंशाचा त्यावर हक्क. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षी त्यातून परके, अनाथ, विधवाही पोटभर जेवायचे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टक्केवारी सांगतच नाही: मनात ठरवाल तेवढं द्या, भाग पडतं म्हणून नको. कॅथलिक चर्चही मदत हे कर्तव्य मानतं, पण ऐपतीप्रमाणे. काही मंडळ्या दहावा हिस्सा आजही बंधनकारक मानतात, मानोत. कर्ज काढून द्या, असं बायबलमधलं वचन मात्र मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाचा 7वा अध्याय वाचताना ती थांबली. आईबापाला द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू तिथे फटकारतो. "आईंच्या गोळ्या," ती एवढंच म्हणाली.

आणि इंजिन? मेकॅनिक काय म्हणाला, हे मी विचारलं. दोन वर्षं सर्व्हिसिंग नव्हतं. सर्व्हिसिंगला पैसेच उरत नव्हते.

देणं तिला बंद करायचं नव्हतं, मीही तसं सुचवलं नाही. नवराबायकोने मिळून ठरवलं: खर्च आणि हप्ता जाऊन उरेल त्यातून द्यायचं, बंदीत काही नाही. मंडळीतल्या वडिलांसाठी एक वाक्य आम्ही घोकून घेतलं: "आम्ही देतो, किती ते घरात ठरवलंय." ते तिने म्हटलंही. झोप लागते आता. रविवारी दानाची थैली जवळ आली की धडधडतं, त्यावर अजून काम चालू आहे.